घंगाळावरचा नंबर

भांड्यावर नाव घालणं ही कला आहे असं कुणी म्हटलं असतं, तर आमच्या बाजारपेठेत लोक त्याला हसले असते. माझे वडील चिपळूणच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर पोतं टाकून बसायचे. आत दुकानदार भांडं विकायचा आणि बाहेर वडील त्यावर नाव घालून द्यायचे. छिन्नी, हातोडी आणि पुढ्यात एक लाकडाचा ठोकळा, एवढाच सगळा कारखाना. चि. सौ. कां. पासून सुरुवात करून नवरीचं नाव, माहेरचं आडनाव आणि शेवटी 'मामांकडून सप्रेम भेट' हे सगळं एका वाटीच्या काठावर बसवायचं म्हणजे थट्टा नव्हे. मामा हौशी आणि वाटी लहान, हे नेहमीचंच. मी बारा वर्षांचा असल्यापासून वडिलांशेजारी बसून शिकलो आणि विशीत आलो तेव्हा माझं अक्षर त्यांच्यापेक्षा सुबक पडायला लागलं होतं. ते त्यांनी कधी कबूल केलं नाही, पण अवघड काठाची भांडी माझ्याकडे सरकवायला लागले.

वडील गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारायचे. नाव काय, आणि भांडं कुणाचं. दुसरा प्रश्न लोकांना चमत्कारिक वाटायचा. पण गावात लग्न असलं की दहा घरची पातेली, पराती, कळशा मांडवात यायच्या आणि लग्न उरकल्यावर अंगणात नुसता ढीग पडायचा. बायका एकेक भांडं उचलून काठ वाचायच्या आणि ज्याचं त्याच्या घरी पोचवायच्या. ज्याचं नाव त्याचं भांडं, त्यावर वाद नाही. नाव चुकीचं पडलं तर भांडं आयुष्यभर दुसऱ्याच्या घरी जाणार, असं वडील म्हणायचे.

पुढे विजेवर चालणारं मशीन आलं, मग लोक आहेरात पाकिटं द्यायला लागले आणि आमचा धंदा बसला. मी कुवेतला आलो तो हेल्पर म्हणून. कागदावर हेल्पर लिहिलेल्या माणसाला काहीही करायला लावता येतं. मी फहाहीलला दुकानांच्या पाट्या चढवल्या, जहऱ्याला एका गोदामात फळ्या ठोकल्या, ऑफिसांमधून टेबलं इकडची तिकडे केली. राहायला मात्र पहिल्यापासून जलीबमध्ये, एका खोलीत सहा जण. माझ्या वरच्या खाटेवर दापोलीकडचा एक ड्रायव्हर होता आणि अजूनही आहे. माझ्या आधीपासून तो इथे आहे, त्यामुळे मला काही कळत नाही असं त्याचं पक्कं मत आहे.

काही वर्षांपूर्वी कंपनीने मला एका म्युझियमवर पाठवलं. म्युझियम म्हटल्यावर डोळ्यापुढे येतं तसं ते नव्हतं. इथल्या काही जुन्या घराण्यांनी मिळून एक इतिहास मंडळ काढलंय, त्या मंडळाकडे समुद्राजवळचं एक जुनं चौकाचं घर आहे, आणि त्या घरात लोकांनी आणून दिलेल्या घरच्या वस्तू ठेवल्यात. पितळी खिळ्यांची नक्षी मारलेल्या पेट्या, कोरीव दारं, बायकांचे जरीचे झगे, वाळवंटातल्या बायकांनी विणलेले लोकरीचे पट्टे, आणि कॉफीच्या लांब चोचीच्या किटल्या तर विचारू नका. माझं काम झाडणं, पुसणं, उचलणं, ठेवणं.

तिथल्या मुख्य बाईंना सगळे मुदीरा म्हणायचे, म्हणजे संचालिका. वय पस्तिशीचं, बाहेरच्या देशात हेच शिकून आलेल्या, बोलणं मोजकं. एकदा त्या एका तांब्याच्या परातीपाशी उभ्या राहून वहीत लिहीत होत्या. मी पुसता पुसता म्हटलं की, मॅडम, हिला बुडाशी नंतर जोड दिलाय आणि कल्हई दोनदा केलीय, दोन्ही वेळचा हात वेगळा आहे. त्यांनी वही खाली केली आणि 'तुला कसं माहीत?' असं विचारलं. मग मी सांगितलं. त्या दिवसापासून धातूची कुठलीही वस्तू आली की मला हाक यायची. मी हात फिरवून सांगायचो आणि त्या लिहून घ्यायच्या. इतक्या वर्षांत या देशात मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो हे कबूल करायला हरकत नाही.

त्या सुमारास एक म्हाताऱ्या बाई घंगाळ घेऊन आल्या. मुदीरा त्यांना खालती म्हणायच्या, म्हणजे मावशी, आणि मी अम्मा म्हणायचो. अम्मांच्या वडिलांचा मुंबईत व्यापार होता आणि त्यांचं लहानपण तिथे गेलेलं. त्यामुळे त्या जुन्या मुंबईची हिंदी बोलायच्या आणि मला मिस्त्री म्हणायच्या. घंगाळ हा अर्थात माझा शब्द. तांब्याचं, रुंद तोंडाचं, दोन बाजूंना कड्या, सगळ्या अंगावर हातोडीच्या बारीक ठोक्यांची मठार. ते त्यांच्या आईचं होतं. त्यांच्या घरात मुलीचं लग्न ठरलं की लग्नाच्या आदल्या दिवशी तिला या घंगाळातल्या पाण्याने आंघोळ घालायची, अशी रीत होती. अम्मांना तशी घातली होती, त्यांच्या मुलींना घातली होती.

मुदीरांना ते कायमचं हवं होतं. असं भांडं आता कुठे मिळत नाही, मंडळाकडे दिलंत तर नीट जपलं जाईल, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. अम्मांनी चहा पिता पिता ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. थंडीत त्यांच्या नातीचं लग्न होतं. तोवर प्रदर्शनात ठेवा, लग्नाच्या आधी मला परत द्या, जसं दिलंय तसं, एवढं त्यांनी कागदावर लिहून घेतलं. जाताना मला म्हणाल्या, "मिस्त्री, तू बघ हां." मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं.

ऑगस्टमध्ये मुदीरा दोन आठवडे सुट्टीवर गेल्या. जायच्या आधी त्यांनी सगळ्या भांड्यांना छोटे छोटे कागदी नंबर चिकटवले होते. मंडळाच्या नावाची दोन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडा, आणि तोच नंबर वहीत. हे तात्पुरतं आहे, नंबर घालायची खास शाई मागवली आहे, ती आली की मी स्वतः घालीन, असं त्या म्हणाल्या होत्या. त्या गेल्यावर चौथ्या दिवशी भांड्यांच्या कोठीतला एसी बंद पडला. कुवेतच्या ऑगस्टमध्ये दोन दिवस बंद खोली म्हणजे भट्टीच. दार उघडलं तर निम्मे कागद जमिनीवर गळून पडलेले. कुठला कुठल्या किटलीचा ते मला माहीत होतं म्हणून निभावलं. दुसरं कुणी असतं तर वहीचा आणि भांड्यांचा संबंध कायमचा तुटला असता.

मी ते नंबर ओळीने टेबलावर मांडले आणि विचार करत बसलो. शाई म्हणे. शाई पहिल्या घासण्यात जाते. तांब्या-पितळेवर राहतं ते फक्त छिन्नीने घातलेलं. मुदीरा शिकलेल्या, पण भांड्यांमध्ये वाढलेला मी होतो. येतील तेव्हा सगळं पक्कं झालेलं बघून खूश होतील, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला वाटलं की त्या सगळ्यांना बोलावून दाखवतील.

दुसऱ्या दिवशी मी छिन्नी आणि हातोडी घेऊन गेलो आणि तीन दिवसांत सतरा भांड्यांवर नंबर घातले. घंगाळ शेवटचं. त्याच्या काठाची वळणं इतकी सुरेख होती की मी मुद्दाम वेळ घेतला, अक्षरं काठाबरोबर वळवली, टिंबं एकसारखी ठेवली. वीसेक वर्षांत हात बिघडला नव्हता. मी त्या तीन दिवसांत जितका सुखात होतो तितका कुवेतमध्ये कधीच नव्हतो, हेही लिहायला हवं. भांडं कुणाचं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. घंगाळाला वहीत नंबर होता, तो मी घातला.

मुदीरा परत आल्या. मी त्यांना कोठीत नेलं आणि दिवा लावला. त्यांनी पहिली किटली उचलली, मग दुसरी. आधी इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या, मग अरबीत. घंगाळापाशी पोचल्या तेव्हा त्या तिथेच एका खोक्यावर बसल्या. नंतर त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि आवाज न चढवता सांगितलं म्हणून जास्त लागलं. म्युझियममधल्या वस्तूवर असं काहीही करायचं नसतं जे परत काढता येणार नाही. ती खास शाई असते ती मुद्दाम निघणारी असते. नंबर भांड्याच्या आत किंवा बुडाशी घालतात, दिसू नये म्हणून. मी सगळंच उलटं केलं होतं. पक्कं आणि दर्शनी.

"हे घासून काढता येईल का?" त्यांनी घंगाळाकडे बोट दाखवून विचारलं.

येण्यासारखं होतं. कानस लावून, मग आतून ठोकून, मग घोटून. पण काठावरची मठार जाणार आणि तिथे एक गुळगुळीत चट्टा पडणार. तसं मी सांगितलं. त्यांनी काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या की राहू दे, ती बाजू भिंतीकडे करून ठेव.

रात्री जेवताना मी वरच्या खाटेवाल्याला सगळं सांगितलं. तो भाकरी मोडत म्हणाला, "मंग त्यात काय झालां? रस्त्यावरच्या खांबाला पन नंबर असतो."

"अरे, ते जुनं आहे, मौल्यवान आहे."

"असां? मंग ता भांडां कोनाचां?"

"त्या म्हातारीचं."

"आनि नाव कोनाचां घातलंस?"

तो जेवत राहिला. "मंडळाचां घातलंस," तोच म्हणाला. "म्हंजे तिचां भांडां तू मंडळाला देऊन टाकलंस. हुशार आहेस."

मला त्या रात्री त्याचा फार राग आला. मी शाईचा, कानशीचा, मठारीचा विचार करत होतो आणि त्याने नेमकं जिथे दुखत होतं तिथे बोट ठेवलं होतं. आमच्या गावच्या मांडवातला भांड्यांचा ढीग आठवला आणि वाटलं, हे घंगाळ जर त्या ढिगात असतं, तर काठ वाचणाऱ्या बाईने ते अम्मांच्या घरी नेलंच नसतं.

महिन्याभराने प्रदर्शन उघडलं. घंगाळ मधल्या दालनात, नंबर भिंतीकडे. अम्मा काठी टेकत आल्या, सगळं बघितलं, घंगाळापाशी थांबल्या. त्यांनी मुदीरांना विचारलं, "सगळं ठीक आहे ना याचं?" मुदीरा म्हणाल्या, "ठीक आहे, खालती." अम्मांनी माझ्याकडे बघितलं. बहुतेक सहज बघितलं असेल. पण त्यांनी मला बघायला सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं.

"नाही, अम्मा," मी म्हटलं आणि पुढे होऊन घंगाळ फिरवलं.

मुदीरांनी डोळे मिटले. अम्मांनी पर्समधून चष्मा काढला, लावला आणि वाकून बघितलं. कुणी घातला म्हणून विचारलं. मी म्हटलं मी. का घातला म्हणून विचारलं नाही. उलट त्या म्हणाल्या, "हात चांगला आहे तुझा." आयुष्यात इतकी वाईट शाबासकी मला कुणी दिली नाही. मी माफी मागितली, हिंदीत मागितली, अरबीत जेवढी येत होती तेवढी मागितली. त्यांनी हात हलवून मला थांबवलं आणि मुदीरांकडे वळल्या.

"कागद आण," त्या म्हणाल्या. "आता ठेवा तुमच्याकडेच. माझ्या आईच्या भांड्यावर कुणाचंच नाव नव्हतं. घरात सगळ्यांना माहीत होतं कुणाचं ते. आता त्याच्यावर तुमचं नाव आहे, ते मी घरी नेऊन पोरीला आंघोळ घालू?"

मुदीरांनी खूप समजावलं. सही नको, घरी न्या, आम्ही दुरुस्त करून देऊ, काहीतरी उपाय करू. त्या मनापासून बोलत होत्या, हे मी सांगू शकतो. पण अम्मांनी त्याच दुपारी देणगीच्या कागदावर सही केली. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. आपल्या गाडीच्या ड्रायव्हरचा हात धरून पायऱ्या उतरून गेल्या.

मला वाटलं आता आपलं तिकीट निघणार. मुदीरांनी कंपनीला एक फोन करायचा अवकाश होता. पण तो फोन झाला नाही. मंडळाच्या बैठकीत घंगाळ कायमचं मिळालं म्हणून मुदीरांचं कौतुक झालं. ते सांगताना त्यांचा चेहरा मात्र कौतुक झालेल्या माणसासारखा नव्हता. माझ्याकडून त्यांनी छिन्नी-हातोडी पुन्हा न आणण्याचं वचन मागितलं आणि मी दिलं. धातूची वस्तू आली की मला हाक येणंही काही दिवसांनी पुन्हा सुरू झालं. आता मी हात न लावता, नुसतं बघून सांगायला शिकलो. म्युझियममध्ये नवे नियम लागले. वस्तू बंद काचेत, आणि उचलायची झाली तर पांढरे सुती हातमोजे घालून. कपाटाच्या किल्ल्या आणि हातमोज्यांची पेटी माझ्या ताब्यात. ज्याने घाण केली त्यालाच राखण दिली, असं दापोलीकर म्हणाला.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. म्युझियममधल्या सगळ्याच वस्तू कुठल्या तरी घरातून सुटून आल्या आहेत. किटल्यांमध्ये कॉफी नाही, पेट्यांमध्ये कपडे नाहीत. त्यांना कुणी वापरून झिजवू नये म्हणून आपण त्यांना वापरातून काढतो. यात वाईट काही नाही, नाहीतर त्या मोडीत गेल्या असत्या आणि मोडीत गेलेली भांडी मी चिपळूणला डोळ्यांनी पाहिली आहेत. पण बहुतेक वस्तू इथे येतात तेव्हा त्यांचं घरातलं काम संपलेलं असतं. घंगाळाचं एक काम बाकी होतं. ते मी संपवलं.

डिसेंबरच्या शेवटी अम्मा पुन्हा आल्या, बरोबर नात. मुलगी उंच, हसरी, फोन हातात, बोलणं इंग्रजीत. लग्न त्याच आठवड्यात होतं. अम्मांनी मुदीरांना विचारलं की एक दिवसासाठी घरी नेऊ का, संध्याकाळी परत आणते. विचारताना त्यांचा आवाज एवढा साधा होता की मला खाली बघावं लागलं. मुदीरा म्हणाल्या की खालती, आता ते मंडळाचं आहे, इमारतीबाहेर काढायला मंडळाच्या बैठकीची मंजुरी लागते, त्याला महिने जातात. त्या रडवेल्या झाल्या होत्या. नात म्हणाली, इट्स ओके, आजी, आपण फोटो काढू.

"हात तरी लावू दे तिला," अम्मा म्हणाल्या.

मुदीरांनी मला खूण केली. मी काच उघडली, पेटीतून हातमोज्यांचे दोन जोड काढले. नातीने चटकन घातले. अम्मांची बोटं सांध्यांशी सुजलेली होती, त्यांना मोजा चढेना. मी पुढे झालो आणि एकेक बोट धरून तो चढवला, आधी उजवा, मग डावा.

मग त्यांनी नातीचा हात धरून घंगाळाच्या आत नेला आणि बुडावर ठेवला, आपला हात त्यावर. मुलगी हसली आणि काहीतरी विचारलं, मला नीट कळलं नाही. अम्मा हात आत गोल फिरवत होत्या, जसं पाणी ढवळतात तसं.

"इसमें ठंडा लगता है," त्या मला म्हणाल्या, हिंदीत. "तांबा है ना. गरम पानी डालो तो भी पहले हाथ को ठंडा लगता है. मेरी माँ हँसती थी, मैं डरती थी इसलिए."

नातीला 'ठंडा' एवढंच कळलं असावं. तिने विचारलं, "आर यू कोल्ड, आजी?"

"नाही," अम्मा म्हणाल्या. मग हात वर काढून मोज्याकडे बघितलं. "हाथ को कुछ पता नहीं चलता."

त्यांनी मोजे काढायला हात माझ्यापुढे केले. मी ते काढले, घडी घातली, पेटीत ठेवले. त्या दोघी बाहेरच्या दारापाशी जाईपर्यंत मी काच लावली नाही.